आरओ (पाणी शुद्ध करायचं मशीन) वापरून आठ महिने झाले, पाणी गोड पण रिजेक्टच्या नळीचं काय?

सात टप्पे, आठ लिटरची टाकी, यूव्ही लाइट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. मशीन १४,५०० ला पडलं. पाणी चांगलं लागतं, चहा सुधारला, जारचे महिन्याला ९०० रुपये वाचले. पण मला बोलायचंय ते मागच्या त्या बारक्या पांढऱ्या नळीबद्दल, जिच्यातून रिजेक्ट म्हणजे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं.

आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी. उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर पाइपने येणारं पाणी, रात्री दोनला उठून भरलेलं. पहिल्याच आठवड्यात नळीखाली बादली लावून मोजलं तर एक लिटर प्यायचं पाणी मिळेपर्यंत तीन लिटर बादलीत. घरात पाच माणसं, स्वयंपाक धरून रोज वीस लिटर लागतं, म्हणजे साठ लिटर बाहेर, आणि पुढचं पाणी येईपर्यंत हजार लिटरच्या टाकीतलं तीनशे लिटर गटारात! पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू वाचून घेतलं, त्यात हा हिशोब कुणी केलेलाच नव्हता.

मला ते बघवेना म्हणून प्लंबरकडून नळीला कॉक लावून पाणी आवळलं, आणि तीच चूक झाली. सातव्या महिन्यात धार करंगळीएवढी पण राहिली नाही. कंपनीचा माणूस आला, न उघडताच म्हणाला मेम्ब्रेन (क्षार अडवणारी आतली जाळी) गेलं, ३,२०० द्या नाहीतर ४,५०० ची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घ्या. कशामुळं गेलं विचारलं तर उत्तर नाही, तीन वेळा फोन केला तरी तेच. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी उघडून दाखवलं, आत क्षारांचा पांढरा थर. म्हणाले, मालक, ते वाया जाणारं पाणीच क्षार धुऊन नेतं, ते आवळलं की जाळी बसणारच. १,६०० मध्ये नवीन मेम्ब्रेन घातलं, कॉक काढला.

त्यामुळं रिजेक्टवरचा माझा राग निम्मा गेला, ती मशीनची गरज आहे. मग खरा प्रश्न, आपल्याला आरओ लागतोच का? दीडशेचा टीडीएस मीटर आणला, लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा. आमच्या नळाचं पाणी २९०, बोअरचं ११५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत योग्य धरतात, आणि राष्ट्रीय हरित लवादानंही (पर्यावरणाचे खटले ऐकणारं न्यायालय) २०१९ मध्ये ५०० च्या आत आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. विकणाऱ्यानं पाणी तपासलंच नाही, सरळ मशीन माथी मारलं. जंतूंसाठी यूव्ही पुरतो किंवा उकळून घ्यायचं, क्षार कमी करायलाच आरओ लागतो.

आता प्यायला नळाचं पाणी वेगळ्या बॅरलमध्ये भरतो आणि उकळतो, मशीन फक्त बोअरवर आलो की चालू. रिजेक्ट बादलीत धरून फरशी आणि संडासला. एप्रिलमध्ये कूलरमध्ये घातलं होतं, तर पंधरा दिवसांत गवताच्या जाळ्या पांढऱ्या कडक, ४२ डिग्रीत कूलर नुसता गरम वारा फेकत होता, ते मात्र अजिबात करू नका.

घ्यायचंच असेल तर आधी मीटर आणा, आणि एएमसीत मेम्ब्रेन धरलंय का ते लेखी घ्या. मी कंपनीकडे महिनाभर मागतोय, अजून दिलेलं नाही, एएमसी घ्या म्हणून फोन मात्र दर सोमवारी येतो.