गोठ्याच्या पत्र्यांसाठी सेल्फ स्क्रू: वळवाच्या वाऱ्यात किती टिकतात?

आधी निकाल: लोखंडी पाइपाच्या सांगाड्यावर पत्रा बसवायचा असेल तर जे-हुकपेक्षा (J आकाराचा नट लावायचा आकडा) सेल्फ स्क्रू, म्हणजे मशीनने फिरवला की स्वतःच भोक आणि आटे पाडत जाणारे स्क्रू, निःसंशय चांगले. मात्र पाइप पातळ असेल किंवा बसवणाऱ्याने घाई केली असेल, तर हेच स्क्रू पहिल्या वादळात सुटतात.

एप्रिल-मेमध्ये मराठवाडा, खानदेश, विदर्भात गोठे उघडे पाडणारा वारा चक्रीवादळाचा नसतो. उंच ढगातली थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूबाजूंना सुसाट पसरते; एका जागी मात्र वारा गोल न फिरता सरळ एकाच दिशेने वाहतो. म्हणून नंतर त्या जागी झाडं, खांब, पत्रे बहुतेक एकाच बाजूला पडलेले दिसतात. ताशी ६० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो भरतो, १०० किमीला ४७. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. १० बाय साडेतीन फुटी पत्र्याचं वजन जेमतेम १५ किलो आणि १०० किमीच्या वाऱ्यात त्याला दीडशे किलोच्या आसपास उचल बसते. एका बाजूने उघड्या गोठ्यात वारा आत कोंडून खालूनही ढकलतो, तिथे उचल याहून जास्त. पत्र्यावर दगड ठेवणं कृपया थांबवा. दगड पत्रा धरून ठेवत नाहीत, उलट उडून खालच्या माणसाच्या आणि जनावराच्या डोक्यात पडतात.

जे-हुकची अडचण म्हणजे आकडा पाइपावर नुसता अडकलेला असतो. पत्रा फडफडला की नट ढिला होतो, आकडा फिरतो किंवा उघडतो. सेल्फ स्क्रू पाइपात स्वतःचे आटे पाडतो, त्यामुळे फडफडच कमी होते.

घेताना १२ नंबरचा, म्हणजे ५.५ मिमी जाडीचा स्क्रू घ्या. प्रोफाइल पत्र्याच्या उंचवट्यावरून बसवायला ५५ मिमी लांबी लागते. वायसर ईपीडीएम रबराचाच हवा. साधं प्लॅस्टिक काही उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं, मग गळती आणि गंज. कोकणात साध्या झिंक मुलाम्यावर भागत नाही, जाड मुलाम्याचा माल मागा.

पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या पाइपाचा पत्रा किमान २ मिमी जाड हवा. १.२ मिमीच्या पाइपात आटे नीट धरत नाहीत. स्क्रू जागच्या जागी फिरायला लागला तर तो मेला समजा. तो काढून त्याच भोकात १४ नंबरचा (६.३ मिमी) टाका. मशीन हॅमरवर किंवा इम्पॅक्टवर नको, साध्या ड्रिलवर सरळ उभी धरा. रबर वायसरच्या कडेबाहेर किंचित डोकावलं की थांबायचं. जास्त आवळलं तर उंचवटा चेपतो, रबर फाटतं आणि पत्रा नेमका तिथूनच चिरत जातो.

संख्येत बहुतेक जण कंजूषी करतात. १० फुटी पत्र्याखाली ४ पर्लिन असतील तर मधल्या दोन्हींवर ३-३ पुरेत, पण वरच्या आणि खालच्या कडेला प्रत्येक उंचवट्यावर एक, म्हणजे साधारण ५-५. एकूण १६. उचल कडांवर आणि कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते, पत्रा तिथूनच सोलला जातो. कडेला मोठं लोखंडी वायसर जास्तीचं घातलं तर स्क्रूचं डोकं पत्र्यातून आरपार निघत नाही.

बांबू किंवा निलगिरीच्या बल्ल्यांवर हा स्क्रू घेऊच नका. त्याचे बारीक आटे लाकडात धरत नाहीत, लाकडाचा जाड आट्यांचा वेगळा येतो.

आणि स्क्रू पक्के झाले की भार खांबावर जातो. फूटभर खड्ड्यात माती ठोकून उभा केलेला खांब छतासकट उपटतो. १० बाय २० फुटी गोठ्याच्या सहाही खांबांना दीड बाय दीड फूट, दोन फूट खोल काँक्रीट भरा. असा एक ठोकळा सुमारे ३०० किलो भरतो. खांबाच्या बुडाला आडवी सळई वेल्ड करून मगच काँक्रीट ओता, नाहीतर गुळगुळीत पाइप ठोकळ्यातून अलगद निसटतो.