पॉवरटॉस्ट: मोफत आणि भरवशाचं, पण अल्फा आपणच ठरवायचा

बायोइक्विव्हॅलन्स चाचणीला (नवं औषध मूळ औषधाइतकंच रक्तात पोचतं का, हे पाहणारी) स्वयंसेवक किती लागतील हे काढायला ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीवर चालणारं पॉवरटॉस्ट पॅकेज उत्तम आहे. सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीत बसून बाहेरगावच्या सीआरओला (अशा चाचण्या करून देणाऱ्या संस्थेला) काम देणाऱ्यांनी तर ते लॅपटॉपवर ठेवावंच. कोटेशनमधला आकडा दोन मिनिटांत पडताळता येतो. मेनू-बटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

सीव्ही, म्हणजे एकाच माणसात मोजणी किती वरखाली होते ते, ०.२५ द्या (२५ नव्हे) आणि बाकी काही भरू नका. दोन औषधांचं गुणोत्तर ०.९५, पॉवर (चांगलं औषध पास होण्याची शक्यता) ८० टक्के, अल्फा (नापास व्हायला हवं ते चुकून पास होण्याची मान्य शक्यता) ०.०५ हे ते आपणहून धरतं आणि साध्या दोन-पिरियड क्रॉसओव्हरला (प्रत्येकाला आळीपाळीने दोन्ही औषधं) २८ जण सांगतं. हा एकूण आकडा आहे, मधेच सोडून जाणारे त्यात धरलेले नाहीत.

गोम आहे ती न भरलेल्या अल्फात. एयूसी (रक्तात एकूण किती औषध पोचलं) आणि सीमॅक्स (रक्तातली सर्वोच्च पातळी), दोन्हींच्या गुणोत्तराचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं गुणोत्तर ज्यात असावं असा पल्ला) ८०.०० ते १२५.०० टक्क्यांत बसायलाच हवा. एक नापास तर सगळंच नापास, म्हणून इथे अल्फा कापायचा नाही. पण दोन फॉर्म्युलेशन एकाच रेफरन्सशी (मूळ औषधाशी) तपासून ‘जे पास होईल ते दाखल करू’ असा बेत असेल तर गणित फिरतं. दोन्ही नेमकी ८० किंवा १२५च्या सीमेवर असतील, तर निदान एक चुकून पास होण्याची शक्यता पाचावरून नऊ टक्क्यांच्या आसपास जाते. बॉन्फेरोनीने (अल्फा तुलनांच्या संख्येने भागायची पद्धत) अल्फा ०.०२५ करा, म्हणजे इंटरव्हल ९५ टक्के. आकडा ३६ येतो. तीन औषधांच्या विल्यम्स डिझाइनमधल्या सहा सिक्वेन्समध्ये (औषधं देण्याच्या क्रमांत) ३६ जण प्रत्येकी सहा असे नीट बसतात. २८ तिथे बसतच नाहीत, ३० करावे लागतात. सहा माणसांचा खर्च वाचवायला अल्फा तसाच ठेवणं मला अजिबात पटत नाही.

अल्फा न कापण्याचा एक सरळ मार्ग आहे: आधी पहिलं फॉर्म्युलेशन तपासायचं, ते पास झालं तरच दुसरं. हा क्रम मात्र प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेला हवा, निकाल पाहून ठरवलेला चालत नाही.

यातलं काहीही पॅकेज विचारत नाही, हीच त्याची उणीव. एयूसी-सीमॅक्सची एकत्र पॉवर काढायची सोयही आहे, पण त्यांच्यातलं कोरिलेशन (एकमेकांशी असलेला संबंध) सहसा हाताशी नसतं. त्यापेक्षा ज्याचा सीव्ही मोठा, बहुधा सीमॅक्सचा, तो धरून आकडा काढा.