नाशिकमध्ये लेझरने चष्मा उतरवताय? मशीनच्या नावाआधी हे तपासा

कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला चष्मा उतरवण्याची चौकशी केली की बोलणं थेट पॅकेजवर येतं: लॅसिक, कॉन्टुरा की स्माईल, म्हणजे लेझरची कोणती पद्धत? आमच्या मते ही निवड नंतरची. आधी कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, किती जाड आहे आणि त्याचा आकार कसा आहे, ते कळलं पाहिजे. पेंटॅकॅमसारखी, कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी न करता तारीख देणारं केंद्र आम्ही सरळ नापास करतो.

कारण साधं आहे. ६.५ मिमीच्या भागावर लेझर मारताना दर एका नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) कॉर्निया खर्च होतो. समजा जाडी ५०० आहे आणि लॅसिकमध्ये कापून उचलतात तो वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, ११० चा. उणे ५ साठी ७० जातात, खाली ३२० उरतात, चालेल. उणे ८ साठी ११२ जातात, उरतात २७८. किमान मर्यादा २५० ची मानतात, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला तयार नसतात, आणि ते योग्यच आहे. कॉर्निया कमकुवत झाला की पुढे फुगतो आणि नंबर पुन्हा वाढत जातो. अशा वेळी आयसीएल, म्हणजे डोळ्यात बसवायची लेन्स, सुचवणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा.

तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट तीन-चार आठवडे बंद हव्यात, नाहीतर मोजमापच चुकतं. डोळे चोळायची सवय असेल तर न लपवता सांगा. केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा, धोका तिथेच असतो.

आता तंत्रांकडे. स्माईलमध्ये फ्लॅप नसतो. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत भिंगासारखी पातळ चकती कापतो आणि ती २ ते ४ मिमीच्या छेदातून काढतात. लॅसिकचा छेद सुमारे २० मिमी, त्यामुळे नसा जास्त कापल्या जातात आणि सुरुवातीचा कोरडेपणाही जास्त. स्माईलची दुखरी बाजू म्हणजे सक्शन, म्हणजे डोळा धरून ठेवणारी मशीनची पकड, सुटणं: पेशंटने डोळा हलवला की काम अर्ध्यावर थांबतं. स्माईलच्या जुन्या विझुमॅक्स मशीनला कापायला पाव ते अर्धा मिनिट लागायचा, विझुमॅक्स ८०० ला सुमारे १० सेकंद. हाच खरा फायदा. जास्तीचे पैसे त्यासाठी द्यावेत. मात्र प्लस नंबर असेल तर बहुधा लॅसिककडे वळावं लागतं.

सिलिंडर नंबर (ठरावीक कोनात, म्हणजे अक्षावर, असलेला नंबर) मोठा असेल तर विचारा, आडवं झाल्यावर डोळा फिरतो तो कोन मशीन दुरुस्त करतं का? अक्ष १० अंश चुकला तर सिलिंडरच्या परिणामातला साधारण एक तृतीयांश भाग वाया जातो. कॉर्नियाचा पृष्ठभाग थोडा असमान असेल तर कॉन्टुरा, म्हणजे त्या पृष्ठभागाच्या नकाशावरून केलेलं लॅसिक, उपयोगी. एरवी साध्या डोळ्याला त्यातून फार वेगळं काही मिळत नाही.

पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी जाहिरातीतली डोळ्यांची अट आधी वाचावी. डोळ्याला मार लागण्याची शक्यता असेल तर फ्लॅप नसलेली पद्धत बरी; पातळ कॉर्नियाला पीआरके, म्हणजे फ्लॅप न कापता कॉर्नियाच्या वरूनच लेझर मारणं, पण त्यात चार-पाच दिवस चांगलंच दुखतं.

निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी छाटणी आणि फवारणीचे दिवस टाळून तारीख घ्यावी. औषधाचा फवारा आणि धूळ ताज्या डोळ्याला सोसत नाही. गोदावरीतली डुबकी, पोहणं किमान महिनाभर बंद. सुरुवातीला रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेव्हा कसारा घाटातून गाडी चालवू नये.

विम्याचं म्हणाल तर ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचं एकक) कमी नंबराचा खर्च सर्वसाधारण आरोग्य पॉलिसीत वगळलेला असतो.

आणि पेंटॅकॅमचा प्रिंट, जुना नंबर, किती मायक्रॉन काढले याची नोंद मागून घ्या. पुढे मोतीबिंदू झाला की लेन्सचा नंबर काढताना नेहमीची सूत्रं अशा डोळ्यावर चुकतात, आणि तेव्हा हाच कागद लागतो.