सदस्य-कॅम्पवर दहा महिने, तेवीस रात्री

दहा महिन्यांपूर्वी आम्ही एका खाजगी कॅम्पिंग वसाहतीचं सदस्यत्व घेतलं. वस्तीपासून लांब, झाडीत, मधोमध एक तळं, चढावर आणि काठाने तंबूंच्या जागा, थोड्या कॅराव्हॅनच्या जागा, सामाईक न्हाणीघरं, मुलांसाठी मोकळं मैदान. सुरुवातीला एकदा प्रवेश शुल्क, मग दरवर्षी देखभालीची वर्गणी. या काळात आम्ही चौघं ९ वेळा गेलो आणि एकूण २३ रात्री तंबूत झोपलो. सदस्यत्व घेताना मी कुणीतरी लिहिलेला असा अनुभव वाचायला शोधत होते आणि मला मिळाले ते फक्त तळ्याचे फोटो.

आधी जे चांगलं आहे ते, कारण ते मनापासून आवडलं आहे. पूर्वी आम्ही दर सुट्टीला नवी जागा शोधायचो. पहिला दिवस पाणी कुठे, सावली कुठे हे बघण्यातच जायचा, आणि मुलं जरा रुळतात तोवर निघायची वेळ व्हायची. इथे तिसऱ्या खेपेपासून धाकटा (वय ६) गाडीतून उतरला की थेट एका जुन्या झाडाखाली पळतो. त्या झाडावर घुबड बसतं. घुबडाला उंदराचे केस आणि हाडं पचत नाहीत, ते त्यांच्या घट्ट गोळ्या करून तोंडावाटे बाहेर टाकतं. मोठीने (वय ११) अशी एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवली, तर आत उंदराची अख्खी कवटी, दातांसकट. तेव्हापासून दोघांची वही सुरू आहे: किती गोळ्या सापडल्या, धक्क्याच्या खांबावर पाणी कुठवर होतं, पहाटे कोणत्या बाजूला धुकं होतं. हे एका भेटीत होत नाही. माझ्या मते सदस्यत्वाची खरी किंमत इथे वसूल होते, तरणतलाव आणि खेळघरात नाही.

आता रात्रींबद्दल. पहिल्या खेपेला आम्ही हौसेने अगदी पाण्याच्या काठची जागा घेतली. फोटोत तीच सगळ्यात सुंदर दिसते. पण थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. पहाटे तंबूला आतून पाणी सुटलेलं, स्लीपिंग बॅगचे पाय ओले. तंबू गळतो असं समजून मी दुकानात परत करायला निघाले होते. शेजारच्या जागेवर बरीच वर्षं येणारे एक आजोबा होते, त्यांनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, गळत नाहीये हा. तुमच्या श्वासाचीच वाफ आहे. वरची झडप का बंद केलीस?” थंडी वाजेल म्हणून मी सगळ्या झडपा बंद केल्या होत्या. आता दोन्ही उघड्या ठेवतो आणि जागाही चढावरची घेतो. तिथून तळं जरा लांब पडतं, पण सकाळी तंबू जवळजवळ कोरडा असतो.

खरी गळती झाली ती पाचव्या खेपेला, पावसात, आणि ती आमच्याच चुकीने. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक चारी बाजूंनी वीतभर बाहेर राहिलं होतं. वरून ओघळणारं पाणी त्यावर साठलं आणि सरळ आमच्या खाली आलं. ते प्लास्टिक तंबूच्या तळापेक्षा थोडं लहान हवं, किंवा कडा आत दुमडून घ्याव्यात. तंबूच्या कापडावर लिहिलेला ३००० मिलिमीटरचा आकडा सांगतो की एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. खालून आलेल्या पाण्यावर गुडघा टेकला की तिथला दाब वेगळा, म्हणून तळाचा आकडा निराळा बघावा.

थंडीचंही तसंच. आम्ही जाड पांघरुणांवर खर्च केला आणि खाली फुगवायची साधी गादी घातली. अंगाखालची पांघरुणं दबली की त्यांची ऊब जाते, आणि साध्या गादीतली हवा आतल्या आत फिरत राहते, त्यामुळे जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते; ती जितकी जास्त तितकं जमिनीपासून संरक्षण. दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणून आम्ही नवी महागडी मॅट न घेता जुन्याखाली फोमची एक पातळ मॅट घातली आणि प्रश्न मिटला. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ म्हणून लिहिलेलं धरायचं. खालचं ‘लिमिट’ म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ती मर्यादा. मुलांसाठी तर त्यावर अजिबात विसंबू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. थंडीच्या एका रात्री पलीकडच्या जागेवरचं कुटुंब शेकोटीतले निखारे घमेल्यात घेऊन तंबूत नेत होतं. धूर नाही, ज्वाळा नाही, लहान मूल गारठलंय, मग काय बिघडलं, असं त्यांना वाटत होतं. मी धावत गेले. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, त्याला रंग नाही की वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. झडपा उघड्या असल्या तरी हे करायचं नाही. तंबूत शेगडीही पेटवायची नाही, विझत आलेली बार्बेक्यूची जाळीही आणायची नाही. त्यांनी ऐकलं, आमची जास्तीची मॅट आणि दोन पांघरुणं त्यांना दिली. व्यवस्थापनाच्या पाटीवर “मोठ्याने गाणी लावू नयेत” हे ठळक आहे, तंबूत निखारे नेऊ नयेत हे मात्र कुठेच नाही. मी लेखी कळवलं आहे, दोनदा.

तळ्यावर जीवरक्षक नसतो. हे करारात लिहिलेलं आहे, पण बारीक अक्षरात. लाइफ जॅकेट फुकट मिळतात, मात्र बहुतेक मोठ्यांच्या मापाची. जॅकेट घातल्यावर मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्या धरून वर ओढा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकलं तर ते त्याच्या मापाचं नाही. आम्ही दोघांची स्वतःची घेतली. आणि बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात हलवत नाही. म्हणून पाण्याजवळ एक मोठं माणूस फक्त बघायला, हाताच्या अंतरावर, फोन खिशात. आम्ही दोघं वीस-वीस मिनिटांची पाळी लावतो.

वीज चमकली की तंबू हा आसरा नव्हे. चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजायचे, साधारण ३ सेकंदांना १ किलोमीटर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की पक्क्या इमारतीत किंवा काचा लावून गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. एकदा आम्ही असे पाऊण तास गाडीत बसलो, आणि तो वहीत ‘सगळ्यात भारी दुपार’ म्हणून नोंदला गेला आहे.

आता कागदपत्रं, जिथे मी कमी पडले. सदस्यत्व दोन तऱ्हांचं असतं: एकात फक्त वापराचा हक्क मिळतो, दुसऱ्यात सामाईक जमिनीत अविभक्त हिस्सा. आमचं पहिल्या तऱ्हेचं आहे, हे मला सहीनंतर नीट कळलं. भेटीच्या दिवशीच सही केली तर सवलत, असं सांगितलं गेलं आणि आम्ही त्या घाईला बळी पडलो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर (सुट्टीची जागा ठरावीक काळ वापरण्याचा हक्क) आणि दीर्घ मुदतीच्या सुट्टी योजनांमध्ये ग्राहकाला करार मागे घ्यायला १४ दिवस मिळतात आणि त्या काळात आगाऊ पैसे घेता येत नाहीत. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, दोन आठवडे स्वतःहून मागून घ्यायला हवेत. मी ते मागितले नाहीत.

सातव्या महिन्यात सांडपाण्याच्या टाकीसाठी आणि आतल्या रस्त्यासाठी जादा आकारणीची नोटीस आली. काम गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण राखीव निधी जवळपास रिकामा होता आणि ताळेबंद मागितल्यावरच दाखवला गेला. सही करण्याआधी मागायच्या गोष्टी म्हणूनच या: मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, राखीव निधीची रक्कम, वर्गणी किती वाढू शकते त्याची मर्यादा, आणि सदस्यत्व सोडायचं असेल तर नेमकं काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला तोंडी उत्तर घेऊ नका. आमच्या करारात सदस्यत्व दुसऱ्याला देता येतं, पण व्यवस्थापनाच्या संमतीने आणि शुल्क भरून; कुणी घेणारं मिळेपर्यंत वर्गणी चालूच राहते.

नोंदणी ६० दिवस आधी उघडते. जोडून आलेल्या सुट्ट्या काही मिनिटांत संपतात. तीन वेळा प्रयत्न करून आम्हाला एकदाच जागा मिळाली. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र निम्मी वसाहत रिकामी असते. ज्यांना फक्त मोठ्या सुट्टीतच निघता येतं त्यांनी हे घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. न्हाणीघरं स्वच्छ आहेत. रात्री दहानंतर शांतता खरंच पाळली जाते. वाटेवरचे पांढरे दिवे मात्र फार प्रखर आहेत. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक दिवा सगळं घालवतो. आकाशगंगा बघायला आम्हाला धरणाच्या बांधापर्यंत चालत जावं लागतं. लाल प्रकाशाची डोक्याची बॅटरी त्यासाठी घेतली आणि ती मुलांना एकट्याने वापरता येते.

वर्षाचा सगळा खर्च प्रत्यक्ष रात्रींनी भागला तर बाहेरच्या साध्या कॅम्पपेक्षा आमची एक रात्र अजून महाग पडते. पस्तीस रात्री झाल्या असत्या तर बरोबरी झाली असती. नूतनीकरणाची तारीख दोन महिन्यांवर आहे. नवरा आणि मी दोनदा आकडे मांडले, आणि एक वर्ष वाढवायचं ठरवलं, वार्षिक सभेला दोघांनी हजर राहायचं या अटीवर. चढावरची तीच जागा पुढच्या महिन्यातल्या मधल्या वारासाठी मिळाली आहे. मोठीने वहीत नवं पान आखून ठेवलंय: घुबडाची पिल्लं आहेत का, ते बघायचं आहे.