वाडीवरची शाळा की समूह शाळा? ठराव करण्याआधी

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळांतली मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत आणण्याचे, प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही त्यासाठी पुढे ठेवलेली उदाहरणं. असा प्रस्ताव तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे आला, तर पटापेक्षा मुलांची वयं आधी बघा.

पाचवीपासून पुढच्या मुलांना समूह शाळेचा फायदा होतो, हे मान्यच करायला हवं. वाडीवर बारा मुलं, अनेक इयत्ता आणि दोन गुरुजी. त्यातले एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की सगळे वर्ग दुसऱ्यांच्या गळ्यात. मोठ्या शाळेत गणिताला, इंग्रजीला वेगळा शिक्षक मिळतो, प्रयोग करायला जागा असते, कबड्डीचे दोन संघ होतात.

पहिली-दुसरीच्या पोराचं मात्र उलट आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीनच्या आत. कागदावरचं हे अंतर कोकणात किंवा सातपुड्यात जुलैमध्ये चालून पाहावं. ओढा भरला की वाट बंद. गाडी दिली तरी ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. मग सहा वर्षांचं पोर घरी राहतं, आणि त्याला सांभाळायला त्याची बहीणही. मला सगळ्यात जास्त काळजी या बहिणीची वाटते.

जिल्हा परिषदेची बचतही दिसते तेवढी नाही. कायम शिक्षकांचं दुसरीकडे समायोजन होतं, म्हणजे त्यांचा पगार चालूच राहतो. वर गाडीचा खर्च दरवर्षी नव्याने. खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं काम जातं, इमारत ओस पडते.

म्हणून माझं मत: पहिली ते चौथी वाडीवरच ठेवा, पाचवीपासूनची मुलं समूह शाळेत जाऊ द्या. तिथेही ठरावात अट लिहून घ्या, की गाडी आधी एक अख्खा पावसाळा चालवून दाखवायची आणि तोवर वाडीवरचा एकही वर्ग बंद करायचा नाही. सही करण्याआधी ठराव ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि त्या दिवशी आयांना मजुरी बुडवावी लागणार नाही अशी वेळ ठेवा.