१०० वॉटचा सांगून १० वॉटचा सेट गळ्यात मारला

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात वीज, मोबाइल सगळंच आडवं झालं. आम्ही सुखरूप आहोत हे मुंबईच्या बहिणीला कळायला पाच दिवस लागले. ते मनात राहिलं. पुढे हॅम रेडिओची, म्हणजे मोबाइल-टॉवरशिवाय थेट हवेतून बोलायच्या हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाना आला आणि गेल्या दिवाळीत बोलण्या-ऐकण्याचा जुना शॉर्टवेव्ह सेट घेतला. ३८ हजारांना, '१०० वॉट पूर्ण देतो' या बोलीवर.

विकणाऱ्याने घरी बोलावून चालवून दाखवला. सेटला बाहेर पडणारी पॉवर दाखवणारा मीटर, पुढे डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोधक), मोड एफएम, म्हणजे बोला न बोला, पॉवर सारखीच. माइकचं बटण दाबलं, काटा थेट १०० वर. "बघा काका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." मीटरच्या रेंजच्या बटणावर काळी चिकटपट्टी होती. विचारलं तर म्हणाला, "खाऱ्या हवेने बटण खराब होतं ना." आपल्याकडे काय गंजत नाही? मला पटलं.

सगळी गोम त्या पट्टीखाली होती. बटण २० वॉटच्या रेंजवर होतं. तबकडीवर २० च्या पट्टीतले १० आणि २०० च्या पट्टीतले १०० एकाच जागी असतात. मी वरचा आकडा वाचला.

घरी मित्राने ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र आणलं. ५० ओहमच्या डमी लोडवर १०० वॉट असतील तर लाटेचं शिखर १०० व्होल्टला जातं. आमचं ३२ वर थांबलं, म्हणजे १० वॉट. खोलून पाहिलं तर फायनलच्या, म्हणजे शेवटी पॉवर वाढवणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरपैकी एक गेलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, तुम्हीच जाळलात.

जीव जळतो तो एकाच गोष्टीने. त्याच्या पॉवर सप्लायचा अँपिअरचा काटा माझ्यासमोर होता, ६ वर. १३.८ व्होल्ट गुणिले ६, सेटमध्ये जेमतेम ८३ वॉट जातायत, तर बाहेर १०० येतील कुठून? १०० वॉटच्या सेटला २० अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणून सेट घ्यायला जाताना मीटर आणि डमी लोड आपलाच न्या, रेंजचं बटण स्वतः फिरवा आणि आधी अँपिअर बघा. एसएसबी या दुसऱ्या मोडवर शीळ घालून दाखवत असेल तर ते मोजमाप धरूच नका, काटा आवाजाबरोबर नाचतो.

परवा विक्रीच्या एका जाहिरातीत तोच मीटर दिसला, तीच काळी पट्टी, सेट दुसरा. पॉवर सप्लाय फोटोत घेतलेला नाही.