सिम्प्टमॅटिक की धिस पॉडकास्ट विल किल यू: मेडिकल मिस्ट्रीसाठी नक्की काय लावायचं?

हा प्रश्न मला ऑफिसच्या कॅबमध्ये विचारून झालाय, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालाय, तळजाई टेकडीवर चालता चालता पण झालाय, आणि दर वेळी मी "डिपेंड्स" म्हणून सटकते. तर आता एकदाच सविस्तर. दोन्ही पॉडकास्ट इंग्रजी, दोन्ही अमेरिकन, दोन्ही फुकट, दोन्हीकडे आजार आणि त्याची गोष्ट, पण ऐकणारा माणूस मात्र वेगवेगळ्या जातकुळीचा लागतो.

सगळी मेख आजाराचं नाव कधी सांगतात त्यात आहे. सिम्प्टमॅटिकमध्ये नाव येतं पार शेवटाकडे, तोवर तुम्ही पेशंटसोबत डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवत असता. दुसऱ्यात नाव एपिसोडच्या टायटललाच लिहिलेलं, म्हणजे रेबीज तर रेबीज, कॉलरा तर कॉलरा, सस्पेन्स शून्य, आणि तरी माणूस तास-दीड तास कान देऊन बसतो. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं ठरवणं सोपं जातं.

आधी सिम्प्टमॅटिक. आयहार्ट या अमेरिकन कंपनीचा पॉडकास्ट आहे, होस्ट लॉरेन ब्राइट पाचेको, तिने आधी क्राइम पॉडकास्ट केलेत आणि ते बोलण्यातून लगेच कळतं, म्हणजे थांबायचं कुठे आणि आवाज खाली कुठे आणायचा हे तिला बरोब्बर माहितीय. एका एपिसोडला एक पेशंट. धडधाकट माणूस, नोकरी, पोरंबाळं, सगळं छान, मग एक दिवस हात बधिर होतो किंवा पोट बिघडतं ते थांबतच नाही, मग हा डॉक्टर, तो डॉक्टर, चुकीची औषधं, आणि शेवटी कोणीतरी एक जण योग्य टेस्ट लिहून देतो. पेशंट स्वतःच्या तोंडून सांगतो, मधे कधी नवरा किंवा आई बोलते, कधी डॉक्टर.

आता गंमत अशी की पेशंट स्वतः बोलतोय म्हणजे तो वाचला हे पहिल्या मिनिटालाच कळतं. आमच्या कॅबमधल्या एकाची हीच तक्रार, "मग मिस्ट्री कसली राहिली?" मला मात्र त्यामुळेच हा पॉडकास्ट आवडतो, कारण खरा प्रश्न जगणार का मरणार हा नसतोच, शेवटी ऐकून कोणी घेतलं हा असतो. बायकांच्या एपिसोडमध्ये तर हे इतक्यांदा येतं की चिडचिड होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग "स्ट्रेस आहे", मग "अँक्झायटी आहे", आणि वर्षं जातात. माझ्या आत्याला आपल्याकडे हेच "ॲसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका" या भाषेत ऐकवलं गेलं होतं, तिने दोन एपिसोड ऐकले आणि म्हणाली, हे अमेरिकेत पण असतं होय, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं ते मी विसरणार नाही. ती आता रविवारी भाजी निवडताना लावते. इंग्रजीची अडचण तिला वाटली तशी आली नाही, स्पीड थोडा कमी करून दिला आणि काम झालं.

तक्रारी पण खऱ्या आहेत. एक म्हणजे साचा. थोडे एपिसोड झाले की तुम्हाला कळायला लागतं की आता पहिला डॉक्टर चुकणार, आता रडू येणार, आता तारणहार डॉक्टर येणार. सलग ऐकलं तर बेचव होतं, आठवड्याला एखादा ठीक. दुसरं म्हणजे म्युझिक, काही ठिकाणी इतकं भरून टाकलंय की पेशंटला जरा शांतपणे बोलू द्या असं वाटतं. जाहिराती आहेतच. आणि तिसरी तक्रार माझी स्वतःची, नाव कळलं की गोष्ट घाईघाईने आवरतात. हा आजार होतो कसा, शरीरात नेमकं काय बिघडतं, हे दोन-चार वाक्यांत उरकतात आणि मी फोन काढून सर्च करत बसते.

अजून एक, तिकडचं सगळं इन्शुरन्स आणि रेफरलवर चालतं, स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट कित्येक महिन्यांनी मिळते, हे ऐकून आपल्याला आधी अजब वाटतं. आपल्याकडे उलटंय, पैसे मोजले तर न्यूरॉलॉजिस्ट आठवड्यात भेटतो, पण आधीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आपणच हिंडायचं, आणि सेकंड ओपिनियन मावसभावाच्या ओळखीवर. दुर्मिळ आजार निघालाच तर पुढे खर्चाचा डोंगर. त्यासाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, ठरावीक सेंटर्समधून उपचार घेतले तर आता ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि महाराष्ट्रातल्या पेशंटला त्यासाठी मुंबईचं केईएम गाठावं लागतं. हे असलं काही त्या पॉडकास्टमध्ये अर्थातच मिळणार नाही, त्यामुळे कोणाच्या घरी खरोखर निदान न झालेला पेशंट असेल तर मनाला आधार म्हणून ऐका, मार्ग म्हणून नको.

आता धिस पॉडकास्ट विल किल यू. २०१७ पासून चालू आहे, दोघी जणी, दोघींचं नाव एरिन. एरिन वेल्श रोगांच्या इकॉलॉजीवाली, म्हणजे रोग निसर्गात कसे पसरतात त्याची अभ्यासक, आणि एरिन ऑलमन अपडाइक डॉक्टर. सुरुवात बहुतेक वेळा कोणाच्या तरी प्रत्यक्ष अनुभवाने करतात, कधी जुनं पत्र, कधी आजचा पेशंट, आणि ती दोन-चार मिनिटं बऱ्याचदा सिम्प्टमॅटिकच्या अख्ख्या एपिसोडपेक्षा जास्त हलवतात. मग जंतू किंवा आजार शरीरात काय करतो, मग इतिहास, मग आज जगात काय परिस्थिती. प्रत्येक एपिसोडला एक कॉकटेल पण बनवतात, क्वारंटिनी नाव आहे त्याचं, आणि न पिणाऱ्यांसाठी प्लेसबोरिटा. हा प्रकार काहींना आवडतो, माझ्या बहिणीला अजिबात नाही, ती म्हणते लोक मेले त्या आजारावर कॉकटेल कसलं करताय.

या पॉडकास्टमध्ये माल काय असतो ते सांगायचं तर आपल्याच पुण्याचं उदाहरण घेते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, लोकांच्या हातापायातली ताकद जायला लागली आणि जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हे नाव रिक्षावाल्यांच्या पण तोंडी झालं. केसेस दोनशेच्या वर गेल्या. बातम्यांत आपल्याला कळलं काय, तर पाणी उकळून प्या आणि अमुक व्हेंटिलेटरवर आहेत. पण दूषित पाण्याने जुलाब व्हायच्या ऐवजी पाय लुळे का पडतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात कितीतरी दिवस होता. काही पेशंटच्या सॅम्पलमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जंतू सापडला होता. तर जुलाब आधी होतातच, आणि त्या जंतूच्या बाहेरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात, मग शरीराने जंतूसाठी तयार केलेल्या अँटीबॉडीज स्वतःच्याच नसांवर तुटून पडतात, आणि हे जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी, कधी एक-दोन आठवड्यांनी सुरू होतं, म्हणून पेशंटला दोन्हीचा संबंध लागत नाही. असं "का" सांगणं हे दोन्ही एरिनचं बलस्थान. सिम्प्टमॅटिकने हीच केस केली असती तर आपण शेवटपर्यंत जिना चढता न येणाऱ्या माणसासोबत राहिलो असतो, त्याच्या बायकोचा आवाज ऐकला असता, आणि अँटीबॉडीजना मिळाली असती तीस सेकंद. मला दोन्ही हवंय खरं तर.

(असला पॉडकास्ट मराठीत कोणाला करायचाच असेल तर पुण्यात कच्चा माल भरपूर आहे. आपली एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ ला व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, आणि १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली, आसपासच्या गावात लोक तापाने आजारी, तेव्हा इथल्या टीमने जाऊन तो गोचिडीतून पसरणारा नवीन व्हायरस शोधला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. माकडांपासून सुरू होणारी मिस्ट्री, आणि ती पण खरी, अजून काय पाहिजे.)

दोन्ही एरिनच्या पॉडकास्टची खोट काय तर गप्पा. दोघी मैत्रिणी आहेत आणि ते त्या लपवत नाहीत, हसणं-खिदळणं चालू असतं, विषयाला हात घालायला वेळ लागतो. लांबी पण जास्त, तासाच्या पुढेच जातो. आणि बायोलॉजीचा भाग सुरू झाला की बारावीला सायन्स नसलेला माणूस मधे कुठेतरी सुटतो. माझा नवरा कॉमर्सवाला, तो म्हणतो इतिहास आला की मला उठव. इतिहास मात्र एक नंबर असतो हे तो पण मान्य करतो, प्लेगचं ऐकल्यावर तर त्याने मला १८९७ च्या पुण्यावर अर्धा तास ऐकवलं, जसं काही मी पुण्याबाहेरून आलेय.

आता एक महत्त्वाचं, आणि हे मी ज्याला त्याला सांगते. तुम्ही जर पोटात जरा दुखलं की गुगल उघडणाऱ्यांपैकी असाल तर सिम्प्टमॅटिकपासून लांब राहा. त्यातली लक्षणं सुरुवातीला इतकी साधी असतात, थकवा, मुंग्या, डोकेदुखी, आणि नाव कळेपर्यंत पाऊण तास तुम्ही ती स्वतःच्या अंगावर तपासत बसता. माझ्या टीममधल्या एका मुलीने रात्री झोपताना ऐकायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक केलं. टायटललाच नाव असलं की हे होत नाही, कारण रेबीजच्या एपिसोडला "मला कुत्रा चावलाय का" याचं उत्तर तुमच्याकडे आधीच असतं.

तिसरा पर्याय लोक हमखास विचारतात तो म्हणजे चबीइमू. तो यूट्यूबवर आहे, बर्नार्ड शू नावाचा फार्मासिस्ट, आणि त्याची सुरुवात ठरलेली, अमुक वयाचा अमुक माणूस इमर्जन्सी रूममध्ये आला. छोटे व्हिडिओ, प्रत्येक मेडिकल शब्द फोडून सांगतो, वेळ वाया घालवत नाही. पाच दिवस बाहेर राहिलेला पास्ता खाऊन लिव्हर निकामी झालेल्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ प्रचंड चालला. त्यामागची खरी केस ब्रसेल्समधली, वीस वर्षांच्या पोराने किचनमध्ये ठेवलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली आणि रात्रीतून गेला. बॅसिलस सीरियस. हाच जंतू शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात पण वाढतो आणि त्याचं एक विष परत गरम केल्याने जात नाही, त्यामुळे रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी उरलेला भात वेळेत फ्रिजमध्ये टाकावा. आमच्याकडे तेव्हापासून आई फोडणीचा भात करताना आधी मला विचारते, हे चालेल ना गं तुझ्या त्या माणसाला.

बाकीचे पटापट. भाचा बीजे मेडिकलला शिकतो, तो या सगळ्यांना नाकं मुरडतो आणि क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हर्स ऐकतो, त्यात डॉक्टरांसमोर अनोळखी केस तुकड्या-तुकड्याने ठेवतात आणि ते मोठ्याने विचार करत निदानाकडे जातात. खरी मिस्ट्री तीच, पण मेडिकलची पार्श्वभूमी नसेल तर पाच मिनिटांत डुलकी. ॲडम रॉडमन या डॉक्टरचा बेडसाइड राउंड्स मला फार आवडतो, निदान करायला माणूस शिकला कसा याचा इतिहास, पण तो शांत घरात ऐकायचा, चांदणी चौकात हॉर्नच्या गोंगाटात नाही. सॉबोन्स हा नवरा-बायकोचा, बायको डॉक्टर, जुन्या काळच्या चित्रविचित्र उपचारांवर, मिस्ट्री कमी आणि हसणं जास्त, कॅबमध्ये सगळ्यांना मिळून ऐकायला तोच सगळ्यात बरा.

मग लावायचं काय? माणसांच्या गोष्टीत रमत असाल, अर्धा-पाऊण तासच हातात असेल, रडू आलं तर चालणार असेल, तर सिम्प्टमॅटिक, आठवड्याला एक. हिंजवडीचा रोजचा येऊन-जाऊन वेळ भरायचा असेल आणि "पण असं होतं का?" हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल तर दोन्ही एरिन, सुरुवात रेबीजने करा. माझं मत दुसऱ्याला, कारण महिन्याभराने मला काय आठवतं ते बघितलं तर त्यांचंच आठवतं. आत्याचं मत पहिल्याला, आणि तिला यातलं एक अक्षर पटणार नाहीये. चबीइमू कधीही बघा, जेवताना सोडून.